पूजेत मांडलेली कचेरी

घरून काम करायचा सरकारी हुकूम आला, तेव्हा मी सगळ्यात आधी तो लाकडी खण रिकामा केला. आठवड्यातले तीन दिवस घरी, दोन दिवस दफ्तरात. म्हणजे लोकांचे अर्ज निकालात काढायचं माझं दफ्तर जेवणाच्या टेबलावर मांडायचं, आणि त्यासाठी जागा हवी. खणात काय नव्हतं! तीन मेलेले चार्जर, कुठल्या कुलपांच्या ते आता कुणालाच ठाऊक नाही अशा किल्ल्या, औषधांच्या अर्ध्या पट्ट्या, कुणाच्या तरी मुंजीची पत्रिका. सागवानी, हातभर लांब, वीतभर रुंद असा तो खण. पुढच्या बाजूला पितळेची छोटी चौकट आहे, आणि चौकटीशेजारी लाकडाच्या रेषांमध्ये कुंकू मुरलेलं आहे. इतकी वर्षं पुसते आहे, जात नाही.

हुकूम वाचून मला आनंद झाला होता, हे आधीच कबूल करते. बसची धक्काबुक्की नको, डबा नको. पण सोमवारी दफ्तराला गेले, तर फाटकासमोरचा चहावाला म्हणाला, "मैडम, मंगल-बुध-गुरु को तो अब दूध भी आधा लेता हूँ. आप लोग घर पे क्या करते हो?" तो भांडत नव्हता. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. मी बिस्किटाचा एक पुडा जास्तीचा घेतला, जसं काही त्याने भरपाई होणार होती, आणि दिवसभर स्वतःवरच चिडत राहिले. त्या चिडण्यातूनच अण्णांच्या कचेरीची गल्ली आठवायला लागली.

अण्णा म्हणजे माझे वडील. नोकरीसाठी नावं नोंदवून घेणाऱ्या एका सरकारी कचेरीत ते बाबू होते. इंदूरच्या मिल तेव्हा एकेक करून गप्प होत होत्या. त्या का बंद पडल्या, कुणी पाडल्या, मला तेव्हा कळलं नाही आणि आताही कुणी समजावून सांगायला लागलं की दोन वाक्यांनंतर माझा घोटाळा होतो. मला कळलं ते एवढंच, की सकाळचा भोंगा थांबला आणि आईची कुकरची वेळ चुकायला लागली. अण्णांच्या कचेरीपुढची रांग मात्र वाढत वाढत कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीपर्यंत गेली. मिलमधून घरी बसलेले बाप त्या रांगेत आपल्या शिकलेल्या पोरांची नावं घालायला उभे असत.

त्या रांगेवर अख्खी गल्ली जगायची. सकाळी पोह्यांची वाफ, वर जिरावण मसाला आणि बडीशेपेचा वास. तो वास अण्णांच्या सदऱ्याला लागून संध्याकाळी घरी यायचा. सायकल स्टँडवर पत्र्याचे बिल्ले खुळखुळायचे. एक फोटोवाला निळा पडदा लावून बसे आणि त्याच्याकडचा एकच कोट सगळे जण आळीपाळीने घालून फोटो काढत. शाळा सुटली की मी कधी कधी अण्णांसाठी थांबायला तिथे जाई. अर्जावरच्या फोटोंत सगळ्यांचा कोट एकच, हे माझ्या लक्षात आलं तेव्हा मला फार मोठं गुपित सापडल्यासारखं वाटलं होतं.

आणि भिंतीला टेकून, मांडीवर पाट घेऊन बसलेले साळवे काका. ते मिलमध्ये विणकामाच्या खात्यात होते. मूळचे महूचे, वडील फौजेत. मिल बंद झाली आणि हातात उरलं ते सुंदर अक्षर. मग ते लोकांचे फॉर्म भरून देऊ लागले. पण त्यांचं खरं काम तारखांचं होतं. कचेरीत नाव नोंदवलं की एक कार्ड तयार होई, त्यावर क्रमांक. जितका जुना क्रमांक तितकं यादीत पुढे. ते कार्ड दर तीन वर्षांनी मुदतीच्या आत नवं करून घ्यायला लागे. एक दिवस जरी चुकला, तरी जुना क्रमांक गेला, माणूस पुन्हा शेपटाला. साळवे काकांनी कचेरीच्या भिंतीवर कोळशाने कुणाची तारीख कधी हे लिहून ठेवलं होतं. नाव, दिवस, नाव, दिवस. भिंत पाहायची आणि येणाऱ्याजाणाऱ्याला हाक मारायची, "ओ भिया, तुझ्या पोराची तारीख आली ना, चल, आत हो." आणि खिडकीतल्या बाबूने उद्या या म्हटलं, तर काका पाट बाजूला ठेवून स्वतः उठत. खिडकीचे गज धरून ते असे भांडत की आतला माणूस शेवटी शिक्का उचले. अण्णा घरी येऊन सांगत, साळवे आज पुन्हा भांडला. सांगताना त्यांना राग आलेला नसे.

काकांची मुलगी लता. बारावी झालेली, हिंदी टायपिंगची परीक्षा दिलेली. तिचं कार्ड अण्णांच्याच ताब्यातल्या कार्डांच्या खणात होतं, आणि चांगलं जुनं होतं. त्या वर्षी अण्णांनी एकदा काकांना सांगितलं होतं, पुढच्या यादीत मुलीचं नाव लागेल असं दिसतंय. अण्णा असं कधी कुणाला सांगत नसत. काकांनी त्या दिवशी आमच्याकडे पाव किलो जलेबी पाठवली आणि अण्णांनी ती परत पाठवली. मी दिवसभर हळहळले.

मग त्या पावसाळ्यात कचेरीच्या मागच्या खोलीचं छत खाली आलं. रात्री आलं म्हणून कुणाला लागलं नाही. इमारत दुरुस्तीला काढायची ठरली, दुसरी जागा मिळेना, आणि साहेबांनी तोंडी सांगून टाकलं की कार्डं घरी न्या, लोकांना घरचे पत्ते द्या, आठवड्याची यादी माझ्याकडे आणून पोचवा. एका दुपारी टेंपोतून चार खण आमच्या घरी उतरले. बाहेरच्या खोलीतला दिवाण भिंतीला सरकवला गेला आणि तिथे कचेरी लागली.

मला तर सण आल्यासारखं झालं. अण्णा दिवसभर घरी! इस्त्रीची पँट घालून ते बरोबर दहाला बाहेरच्या खोलीत जात आणि पाचपर्यंत आत येत नसत. चहासुद्धा आईने बाहेर नेऊन द्यायचा, आणि त्यांनी तो "ठेवा" म्हणून घ्यायचा. आईला ते अहोजाहो करताहेत याला आई आठ दिवस हसत होती. खणांना वेगळाच वास होता. जुना कागद, डिंक, आणि मधूनच खळीचा. तो खळीचा वास पट्ट्यांचा. अण्णांची पद्धत अशी, की खणातून एखादं कार्ड बाहेर काढलं की त्याच्या जागी पुठ्ठ्याची एक पट्टी उभी करायची; तिच्यावर नाव, तारीख, आणि कार्ड का काढलं त्याचं कारण. कार्ड परत आलं की पट्टी काढायची. या पट्ट्यांसाठी पुठ्ठा साळवे काका आणून देत. मिलमधल्या कापडाच्या थानात जो कडक पुठ्ठा असतो तो. मिल बंद झाली तरी काकांकडे त्याची चळत होती आणि कोऱ्या कापडाचा वास त्याला चिकटून राहिला होता.

आमच्या गल्लीला एकदम बरकत आली. कोपऱ्यावरचा किराणावाला फॉर्म विकायला लागला. त्याच्या शेजारी एक चहाचा ठेला उभा राहिला. त्याच सुमारास तिथे पिवळ्या पाटीचं फोनचं दुकान निघालं, आणि मग अण्णांकडे आलेली माणसं थांबल्या थांबल्या गावाकडे फोन लावत. रंगीत बाटल्यांतली थंड पेयं बर्फाच्या पेटीत आली. गल्लीतले सगळे म्हणत, बाबूजींमुळे रौनक आली. मला अण्णांचा फार अभिमान वाटे. जुन्या गल्लीत पोह्याच्या कढईखाली आता विस्तव नाही, फोटोवाल्याने निळा पडदा काढून नेला, हे मला तिथून जाताना एकदा दिसलंही होतं. पण या दोन गोष्टी एकमेकींना जोडायच्या असतात हे मला सुचलं नाही. आता जोडते, तरी त्यातलं चांगलं कुठलं आणि वाईट कुठलं, नीट निवडता येत नाही.

साळवे काका पहिल्या आठवड्यात आले आणि आमच्या फाटकाबाहेर पाट घेऊन बसले. दुसऱ्या दिवशी अण्णांनी त्यांना बाजूला बोलावून सांगितलं, की इथे बसू नका. कचेरीबाहेर बसलात ते वेगळं. घराबाहेर बसलात, तर लोक म्हणतील बाबूने दारातच आपला माणूस ठेवलाय. काकांनी मान हलवली. अण्णांचं चुकलं नव्हतं. काकांचंही चुकलं नव्हतं. काका पाट घेऊन गेले आणि मग खजरान्याला देवळाच्या वाटेवर त्यांनी नारळ-झेंडूची गाडी लावली. देऊळ त्यांचं नव्हतं, पण गिऱ्हाईक तिथे होतं. तारखांची भिंत दुरुस्तीच्या पत्र्यांआड गेली.

अशात नवरात्र आलं. खंडेनवमीला आमच्याकडे घरातली हत्यारं पूजेत मांडतात. आईची विळी, शिलाईचं मशीन, अण्णांची सायकल, माझी कंपासपेटी. एकदा मांडली की दसऱ्याची पूजा होईपर्यंत त्यांना हात लावायचा नाही, त्यांनाही विश्रांती. त्या वर्षी आई म्हणाली, आपल्या घरातलं खरं हत्यार तर ती कार्डं आहेत. अण्णा थोडे घुटमळले. कचेरीला सुट्टी दसऱ्याची, नवमीला कचेरी चालूच असे. पण सकाळपासून कुणी आलं नव्हतं, शिवाय दुपारी त्यांना यादी घेऊन साहेबांच्या बंगल्यावर जायचं होतं. त्यांनी हो म्हटलं. मी चारी खणांना हळदकुंकू लावलं, भरपूर लावलं, आणि वर झेंडू वाहिला. तो झेंडू काकांच्याच गाडीवरचा होता, आईने आदल्या दिवशी खजरान्याहून आणलेला.

संध्याकाळी, पाच वाजायच्या जरा आधी, दार वाजलं. अण्णा अजून साहेबांकडून यायचे होते. आई आत कडाकण्या तळत होती. मी अकरा वर्षांची, परकर-पोलक्यात, आणि सकाळपासून त्या पूजेची मालकीण. दार उघडलं तर साळवे काका. सदऱ्यावर झेंडूच्या पाकळ्या चिकटलेल्या, घाम आलेला. खजरान्याहून सायकल मारत आले होते.

"बाबूजी आहेत का, बेटा? लताच्या कार्डाचं जरा काम होतं."

मी सांगितलं की अण्णा नाहीत. त्यांनी थांबू का विचारलं. तेव्हा मी जे बोलले ते मला अक्षरन् अक्षर आठवतं, कारण बोलताना मला ते फार आवडलं होतं.

"आज कार्डांना हात नाही लावायचा, काका. पूजेत मांडलीयेत. दसरा झाल्यावर या."

काकांनी माझ्या डोक्यावरून आत पाहिलं. समईच्या उजेडात ते चार खण, वर फुलं. हीच कार्डं खिडकीपलीकडे असती तर ते गज धरून उभे राहिले असते, आज म्हणजे आज म्हणाले असते, शिक्का मारून घेतल्याशिवाय हलले नसते. पण इथे खिडकी नव्हती. उंबरठा होता, रांगोळी होती, आणि घरातली पोर पूजा आहे म्हणत होती. त्यांनी चपलांतून काढलेला एक पाय पुन्हा चपलेत घातला.

"पूजा आहे काय," ते म्हणाले. "बरं, बरं. मग कशाला हात लावायचा."

फाटकाशी ते थोडे थांबले. गल्लीच्या तोंडाकडे पाहत राहिले, बहुतेक अण्णा येताहेत का ते. मग सायकलवर बसून गेले. मी आत जाऊन तीन कडाकण्या खाल्ल्या. कोण आलं होतं असं आईने विचारलं की नाही, ते आठवत नाही. हे मात्र आठवायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी दसरा. काका त्या दिवशी दरवर्षी सगळ्यांना घेऊन महूला जात, त्यांचा तो धम्मदीक्षेचा मोठा दिवस. त्यानंतरच्या सकाळी ते लताला घेऊन आले. तिने निळी साडी नेसली होती आणि कागदांची पिशवी छातीशी धरली होती. अण्णांनी 'ल'चा खण ओढला. कार्ड काढलं, पाहिलं, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं, पुन्हा कार्डाकडे पाहिलं. मी पाण्याचे पेले घेऊन दारात उभी होते.

"साळवे, मुदत परवा संपली. नवमीला."

"हो, बाबूजी."

"तुम्ही साऱ्या शहराला तारखा सांगता. परवा का नाही आलात?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. मी पेला सांडेन की काय, असं पाहिल्यासारखं.

"ध्यानातूनच गेलं, बाबूजी. ती भिंत नाही ना आता समोर. गलती माझी आहे."

लता काही बोलायला गेली. त्यांनी हळूच "रहने दे" म्हटलं आणि ती गप्प झाली. मीही गप्प. तोंड उघडायला मला तेवढा वेळ पुरेसा होता. अण्णांनी दौत जवळ ओढली, जुन्या कार्डावर लाल रेघ मारली आणि नवं कार्ड लिहायला घेतलं. नवा क्रमांक, रांगेच्या पार शेवटचा. टाकाचा आवाज येत होता. काकांनी पेला माझ्या हातातून घेतला, पाणी प्यायले आणि म्हणाले, "थंड आहे, बेटा."

त्या संध्याकाळी अण्णा बराच वेळ पुठ्ठा कापत बसले होते. मला वाटलं, रोजचंच काम.

पुढे कचेरीला शहराच्या दुसऱ्या टोकाला नवी जागा मिळाली. खण गेले, आमच्या गल्लीतला चहाचा ठेलाही गेला. जुन्या गल्लीत रांग परत आली नाही. मिलच्या आवारात कुठे गवत, कुठे दुकानांच्या काचा. पुढच्या नवरात्रात आम्ही खजरान्याला गेलो, तर काकांच्या जागी दुसरंच कुणी नारळ फोडून देत होतं. कुणी म्हणालं, ते महूला परत गेले. कुणी म्हणालं, लता बेटम्याच्या शाळेत लागली. दुसऱ्या कुणी सांगितलं की नाही, ती घरीच शिवणकाम करते. एकदा कृष्णपुऱ्याच्या जुन्या दगडी छत्र्यांपाशी मला ती दिसल्यासारखी वाटली, कडेवर मूल होतं. हाक मारायला मी नाव घेतलं आणि मागे फिरले. अण्णांना मी कधीच सांगितलं नाही. आधी भीतीने, मग सवयीने, आणि मग सांगायला अण्णा राहिले नाहीत.

यंदाच्या नवमीला सकाळी मी खण पुसायला घेतला. लॅपटॉप पूजेत मांडायचा विचार होता. आईचीच रीत, तेवढंच आपलं. खणाच्या तळाला चिकटलेला जुना वर्तमानपत्राचा कागद फुगला होता, म्हणून तो खरवडून काढला. खाली पुठ्ठ्याची एक पट्टी होती. नाकाशी धरली, पण खळीचा वास उरलेला नव्हता. वर 'लता सालवे', मग त्या नवमीची तारीख, आणि कारणाच्या जागी अण्णांच्या ठसठशीत, सरकारी हिंदीत तीन वाक्यं होती.

"आवेदक अंतिम तिथि को कार्यालय में उपस्थित. वापस किया गया. दोष कार्यालय का."

खाली पूर्ण सही.

म्हणजे त्यांना ठाऊक होतं. आईने सांगितलं, शेजाऱ्यांनी सांगितलं, की माझ्या चेहऱ्यावर वाचलं? त्याच दिवशी कळलं, की काका गेल्यावर? साहेबांकडे त्यांनी शब्द टाकला का? टाकला असेल तर काय झालं? आणि कळल्यावरही लाल रेघ तशीच का राहिली? मला काही कळत नाही. कचेरीत संगणक आले तेव्हा जुने खण मोडीत निघाले होते, आणि चारांतला हा एकच, 'ल'चा, अण्णा मागून घरी घेऊन आले होते. चांगलं लाकूड आहे म्हणाले होते. आम्ही त्यात चार्जर ठेवले.

मी पट्टी हातात धरून बराच वेळ त्या शब्दापाशी अडकले. कार्यालय. अण्णा साहेबांच्या बंगल्यावर होते. आई चुलीपाशी होती. कार्डं फुलांखाली होती. दारात मी एकटी उभी होते.

लॅपटॉपला कुंकू लावलं नाही. आई, माफ कर. दहा वाजले तशी मी टेबलापाशी बसले आणि तो उघडला. ज्यांची मुदत आज संपते ते अर्ज वर घेतले. आता कुणी दारात येत नाही, माणसं पडद्यावर येतात, नुसती नावं आणि क्रमांक, हे मला माहीत आहे. तरी उठून बाहेरचं दार सताड उघडलं, आणि ते पाचपर्यंत तसंच ठेवलं.